साडेदहाला न दिसणारा खडक

"किती बेटं आहेत तिथे?" असं बाईंना विचारलं की त्या उलट विचारायच्या, "कधी?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना ऐकू कमी येतं. म्हणून मी मोठ्याने विचारलं. त्यांनी त्याहून मोठ्याने सांगितलं, "अगं, कधी म्हणजे कधी! भरतीला की ओहोटीला? अष्टमीला की अवसेला? वेळ सांगितल्याशिवाय बेटं मोजता येत नाहीत. माणसंसुद्धा येत नाहीत."

शेवटचं वाक्य त्या चेष्टेने बोलल्या नव्हत्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या नीलेशने एकदा सहज विचारलं, "बाई, घरी किती माणसं तुम्ही?" तर त्यालाही तेच. "कधी? सकाळी मी एकटी. रात्री भाचा येतो जेवायला. गणपतीत यायला बघ, उभं राहायला जागा नसते." नीलेश घाटकोपरचा, तोंडाने तिखट. तो नंतर आठवडाभर चहावाल्याने "किती कटिंग?" विचारलं की "कधी?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्यांना मॅडम म्हणायचं नाही असा नियम होता. "मॅडम साडीच्या दुकानात असतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या बाई. मुलुंडहून यायच्या. घाटकोपरला उतरून मेट्रो, मग आमच्या एमआयडीसीतल्या गल्लीपर्यंत चालत. रिक्षा करायच्या नाहीत, कारण रिक्षा सिग्नलला थांबते आणि थांबलेल्या गोष्टीत बसणं बाईंना जमत नसे.

आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. त्याचं मशीन सुरू झालं की वर आमचे स्क्रीन थरथरायचे. उपग्रहाचा फोटो स्क्रीनवर घ्यायचा आणि माउसने किनारा गिरवत जायचं, हे आमचं काम. किनारे, नद्या, खाड्या, बेटं. आम्ही गिरवायचं आणि बाईंनी तपासायचं. त्यांची सही झाल्याशिवाय एकही नकाशा ऑफिसबाहेर जात नसे.

मी इथे कशी आले तेही सांगते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आजोबा गिरणीत होते, बाबा कांदिवलीत दुसऱ्यांच्या सोसायटीत वॉचमन. भूगोल मी आवडीने घेतला नव्हता. त्या विषयाला जागा शिल्लक होत्या म्हणून घेतला. पण घेतला आणि पहिल्या वर्गात पास झाले. पदवीचा कागद बाबांनी फ्रेम करून देवांच्या शेजारी लावला आणि आई त्यालाही हळदकुंकू लावायला निघाली होती, तेव्हा मी काचेवरच लाव म्हटलं. हे मी सगळीकडे सांगते. कुणी विचारत नाही म्हणून आपण होऊन सांगते.

बाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती मी त्यांची बेटं पुसली तेव्हा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये साफसफाईचं एक बटण होतं. गिरवताना हात हलतो, नको तिथे बारीक बारीक ठिपके उमटतात. ते बटण दाबलं की अमुक मापापेक्षा लहान असलेलं सगळं आपोआप जातं. मला शिकवलं होतं, फाईल संपली की बटण दाबायचं. मी कोकणाचा एक तुकडा संपवला, बटण दाबलं आणि पाणी प्यायला उठणार, तर मागून आवाज आला.

"परत आण."

"काय?"

"बेटं. आत्ता होती. परत आण."

मी म्हटलं, "बाई, तो कचरा होता. सॉफ्टवेअरनेच काढला."

"तुझ्या सॉफ्टवेअरला विचारून उगवली नाहीत ती. हजारो वर्षं उभी आहेत. परत आण."

मी अन्डू दाबलं आणि निळ्या पाण्यात तो ठिपक्यांचा झुबका परत उगवला. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून एकेक ठिपका बघितला, शाळेच्या सहलीवरून परतलेली पोरं मोजावीत तसा. मग निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत मला कळलं की ह्या बाईंचं आयुष्यात एकच लाडकं आहे, आणि ते म्हणजे किनाऱ्यापासून लांब समुद्रात पडलेला, माणूस नसलेला हा खडकांचा झुबका.

तो आमच्याच गावच्या बाजूला निघाला हा योगायोग. आजोबा तिथूनच मुंबईला आले. गावातून स्वच्छ दिवशी क्षितिजावर काळे दात दिसतात, एवढंच मला माहीत होतं. बाईंना सगळं माहीत होतं. कुठल्या बेटावर पाणी नाही (कुठल्याच नाही). कुठल्या बेटावर झाड आहे (एकावर, तेही गुडघ्याएवढं, वाऱ्याने झोपलेलं). पश्चिमेची बाजू पावसाळ्याच्या लाटांनी सुरीने कापल्यासारखी सरळ झालेली, पूर्वेची उतरती, आणि उतरायला सगळ्या झुबक्यात मिळून एकच जागा, तीही फक्त थंडीत. एका बेटाच्या पोटात लांब गुहा, तिच्या छताला पाकोळ्यांची घरटी. सगळ्यात मोठ्याला गावकरी "तवा" म्हणतात. दोन खडक जवळजवळ उभे, मधून ओहोटीतही पाणी धावतं, त्यांना "जोडवी". हे सगळं त्या चालता चालता सांगायच्या. बाईंना बसलेलं मी क्वचितच बघितलं. त्यांनी टेबलाच्या चारी पायांखाली खालच्या कारखान्यातली जाड पुठ्ठ्याची खोकी घालून ते उंच करून घेतलं होतं. उभ्याने काम, उभ्याने चहा, उभ्याने भांडण. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "मी काय आजारी आहे?"

आणि भेटीच्या वेळा. "ओहोटीला ये, मग फाईल बघू." एमआयडीसीत! जिथून समुद्र सोडाच, नीट आकाशही दिसत नाही, तिथे आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात ओहोटी कधी ते बघून त्यांच्याकडे फाईली न्यायचो. मॅनेजरला हे आवडत नसे. तो आमच्याहून फार मोठा नव्हता, हुशार होता, माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं लवकर हवं असे.

एकदा जेवताना नीलेशने मुद्दाम काडी घातली. "बाई, ओहोटीने बेटं वाढतात म्हणजे काय? खालून फुगतात काय?"

बाईंनी आपला डबा बाजूला सारला आणि नीलेशचंच ताट ओढलं. त्याच्या भाताचे लहानमोठे ढीग केले, काही उंच, काही बुटके. मग त्याच्याच वाटीतली आमटी ताटात ओतली.

"अहो बाई, माझं जेवण!"

"ही भरती. मोज."

"चार."

बाईंनी ताट तोंडाला लावून थोडी आमटी पिऊन टाकली. "आता?"

"सहा."

आणखी एक घोट. अगदी तळाशी, कडेला, भाताचा एक चपटा गोळा वर आला. त्याचं नुसतं डोकं. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांचं हसणं थांबलं, इतक्या त्या गंभीर झाल्या. "हा," त्या म्हणाल्या, "हा सगळ्यात वाईट. वरचे दिसतात, त्यांना माणूस टाळतो. हा फक्त मोठ्या ओहोटीला दिसतो. बाकी दिवस पाण्याखाली, होडीच्या तळाची वाट बघत."

नीलेश म्हणाला, "आणि माझी आमटी?"

"आमटी आळणी होती. आईला सांग."

त्या चपट्या गोळ्यावरून पुढे सगळं रामायण झालं. पण त्याआधी पिकनिकचं सांगितलं पाहिजे, नाहीतर बाई कळणार नाहीत.

ऑफिसची पिकनिक मढला होती. वर्सोव्याहून फेरीबोटीत बसलं की खाडी ओलांडायला चहा थंड होण्याएवढाही वेळ लागत नाही. आम्ही सगळे धक्क्यावर जमलो, बाई नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी आले." त्या दुपारी जेवणाच्या पंगतीला उगवल्या, मालाडवरून सगळा वळसा घालून, बस बदलत, घामाने भिजलेल्या. आल्या आल्या खाडीच्या गाळावर आणि भरतीच्या ओढीवर भाषण ठोकलं. परतताना आम्ही बोटीत चढलो. त्या परत बसस्टॉपकडे चालू लागल्या. मी मागे धावले.

"बाई, बोट इथेच आहे की!"

"मला वेळ आहे," त्या म्हणाल्या. मी बघतच राहिले. ज्यांना दोन मिनिटं खुर्चीत बसवत नाही, त्या बाईंना दीड तास वळशाला वेळ होता. मग एकदम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी कधी पाण्यावर गेले नाही. खाली काय आहे ते मला माहिती असतं ना. म्हणून नको वाटतं."

म्हणजे ज्या बेटांसाठी ही बाई सगळ्यांशी भांडायची, ती तिने कधी बघितली नव्हती. किनाऱ्यावरूनसुद्धा नाही.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. नीलेशला तर नाहीच.

आता तो चपटा गोळा. बाई तरुणपणी ह्याच कंपनीत लागल्या तेव्हा नकाशे हाताने काढायचे. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने. एका जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशावरून त्यांनी तो झुबका उतरवला होता, आणि त्याच्या नैऋत्येला, बाकीच्यांपासून जरा फटकून, एक बारीक फुली मारली होती. ओहोटीत उघडा पडणारा खडक. ते त्यांचं पहिलं काम. ती फुली तेव्हापासून आमच्या प्रत्येक नकाशात होती.

मग मच्छीमारांच्या मोबाईलवर चालणाऱ्या नकाशाचं काम आलं. मोठं काम. नवीन लागलेल्या आम्हा सगळ्यांचं कन्फर्मेशन त्या कामाला बांधलेलं होतं. काम पोचलं की पक्की नोकरी, नाहीतर बघू. बाबा रोज रात्री विचारायचे, "झालं काय गो पक्कं?" मी रोज म्हणायचे, "होतंय."

मॅनेजरने कोकणाच्या त्या भागाचे मिळतील तेवढे उपग्रहाचे फोटो मागवले. वर्षावर्षांचे. आम्ही सगळे तपासले. बाकीचे खडक कधी चार, कधी सहा, कधी जास्त दिसत होते. नैऋत्येची फुली एकाही फोटोत नव्हती. निळं पाणी, बस्स.

"बाई, काढून टाकू या," मॅनेजर म्हणाला. "इतक्या फोटोंत एकदाही नाही."

"काढायचं नाही."

"मग असं करू, 'अस्तित्व शंकास्पद' अशी खूण टाकू. तशी खूण असते नकाशात. चालेल?"

बाई टेबलाभोवती एक चक्कर मारून आल्या. "शंका कुणाला आहे? तुम्हाला. खडकाला नाही. तुमची शंका खडकाच्या नावावर कशाला लावायची? ज्याला शंका आहे त्याने जाऊन बघावं."

"बाई, यार, इतके फोटो खोटं बोलतात का?"

"खोटं नाही बोलत. तुझ्यासारखेच आहेत. ऑफिसच्या वेळेत येतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून डोक्यात धरून आहे, कारण भूगोलात पहिला वर्ग मिळवूनही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही वापरतो तो उपग्रह आपल्यावरून जातो तो दरवेळी सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्याची वेळ बदलत नाही. समुद्राचंही तसंच. आपल्या किनाऱ्याला अवस-पुनवेला मोठी भरती येते ती दुपारकडे, आणि मोठी ओहोटी लागते ती पहाटे नाहीतर संध्याकाळी. हे ठरलेलं. साडेदहाच्या वेळेला ओहोटी सापडते ती अष्टमीच्या बाजूची, लंगडी, पाणी अर्धवटच उतरतं. म्हणजे पाणी जेव्हा तळाला जातं तेव्हा उपग्रह तिथे कधीच नसतो. वर्षानुवर्षं फोटो काढत राहिला तरी नसतो.

खाली खोक्यांचं मशीन धडधडत होतं.

मॅनेजर शेवटी म्हणाला, "लॉजिक झकास आहे बाई. पण ते एवढंच सांगतं की खडक असला तरी दिसणार नाही. आहे असं कुठे सांगतं?"

हेही खरंच होतं. बाईंनी फक्त सही करायला नकार दिला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काम अडकलं. कॉरिडॉरमध्ये नवीन पोरं बाईंकडे बघून कुजबुजायला लागली. आणि मी? मी चिडले होते. एका फुलीपायी माझी नोकरी लटकली होती, आणि फुली मारणारीने समुद्र जवळून बघितला नव्हता. एक दिवस सरळ जाऊन म्हटलं, "बाई, ज्याला शंका आहे त्याने जाऊन बघावं म्हणता. मग चला. येत्या अवसेला. आमच्या गावात बाबांचे चुलतभाऊ आहेत, भाऊकाका, त्यांची होडी आहे."

बाई चालता चालता थांबल्या. "मी?"

"मग कोण? खडक माझा आहे?"

त्यांचा चेहरा इतका लहान झाला की मला बोलल्याचं वाईट वाटलं. पण मी शब्द मागे घेतले नाहीत. मी तशी घेत नाही.

गावात भाऊकाकांनी आम्हाला बघून कपाळावर हात मारला. "काय गो, मुंबयसून खडक बघूक इलंस? थंय काय आसा? पाकोळ्यो आनि वारो!"

मी नैऋत्येच्या खडकाचं विचारलं. ते म्हणाले, "मी तो वर इलेलो कधी बघूक नाय. पण थंय जाळा टाकलंय काय फाटता, ह्यां खरां. म्हणान आमी थंय जातच नाय."

बाईंनी माझा दंड दाबला. पण फाटलेलं जाळं म्हणजे खडक नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. बुडालेली बोट असेल, काहीही असेल.

दुपारी निघालो. थंडीचे दिवस, समुद्र शांत म्हणतात तसा. बाईंनी होडीत पाय टाकला तेव्हा माझा हात असा धरला की नखं रुतली. खाडीच्या तोंडाबाहेर पहिली लाट खालून गेली आणि बाईंना बोट लागली. जाळ्याच्या ढिगावर डोकं टेकून, प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून पडल्या. वर्षानुवर्षं एका जागी न बसलेली बाई आडवी झाली.

तासाभराने बेटं आली. आणि माझी गंमत झाली. मला ती ओळखूच येईनात. स्क्रीनवर मी त्यांना वरून बघितलेलं, प्रत्येकाची कड माझ्या हाताला पाठ. इथे ती एकामागे एक उभी, काळीकभिन्न, पाखरांच्या पांढऱ्या विष्ठेने माखलेली, मागची पुढच्यांत मिसळलेली. किती आहेत ते मोजता येईना. होडी जराशी वळली की एकाची दोन व्हायची. गुहेतून पाकोळ्यांचा थवा धुरासारखा निघाला. "बाई, जोडवी!" मी ओरडले. "बाई, तवा! बघा तरी!" बाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली.

फोनवर आमची जागा दाखवणारा ठिपका फुलीकडे सरकत होता. भाऊकाकांनी इंजिन मंद केलं. "आता फुडे न्हेवचंय नाय. होडी फुटात." सूर्य खाली आला होता. खडकांवरची ओली रेघ उंच, खूप उंच राहिली होती. पाणी खरंच तळाला गेलं होतं.

मी उभी राहिले, एका हाताने काठ धरून. समोर पाणी. लाट उठायची, बसायची. काही नाही. मी बघत राहिले. मला आठवतं, मी देवाला काही मागितलं नाही, नोकरीचाही विचार नव्हता. फक्त बघत होते. आणि एक मोठी लाट पुढे गेली, तिच्यामागे पाणी खोल बसलं, आणि तिथे काळी पाठ वर आली. म्हशीची यावी तशी. तिच्या अंगावरून पाणी चहूबाजूंनी गळलं, कालवांच्या शिंपल्यांचा खरबरीतपणासुद्धा दिसला. मग पांढरा फेस, आणि गेली.

"बाई! आहे! आहे! उठा!"

परत एकदा. तेवढंच. मी फोन काढून धडाधड फोटो काढले. भाऊकाका इंजिनाशी झटत होते, त्यांची पाठ होती. "मी इंजन सांबाळू काय खडक बघू?" असं नंतर म्हणाले. बाई पिशवीत तोंड घालून होत्या. मी त्यांना हलवलं. त्या म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या. "घरी चल."

फोटोंत करडं पाणी होतं, वाकडं क्षितिज होतं आणि एका फोटोत भाऊकाकांचं कोपर. बाकी काही नव्हतं.

रात्री काकूने पेज वाढली तेव्हा मी फुटले. "एवढं आलात, बाई, आणि मान वर केली नाहीत? कशाला आलात मग?"

बाई उभ्याने पेज पीत होत्या. बऱ्या झाल्या होत्या. "मी बघितला असता तर कुणी मानलं असतं? म्हणाले असते, म्हातारीचा हट्ट, तिला दिसणारच. तू बघितलास. मागे एकदा क्लायंटसमोर आपला मॅनेजर म्हणाला, आम्ही सगळा किनारा दोनदा तपासतो, आणि तू मागून म्हणालीस, नाही हो, अर्धाच. तेव्हाच मी ठरवलं होतं, काही बघायचं झालं तर हिला न्यायचं."

मला ते पटलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघत माझ्यासमोर येरझाऱ्या घालताना, त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "उलटी खरी होती. पण डोळे मी मुद्दाम मिटले होते. नसता दिसला तर?" आणि परत चालायला लागल्या.

ऑफिसात मॅनेजरने फोटो मोठे करून करून बघितले. "ह्यात काय आहे?"

"फोटोत नाही. मी बघितलाय."

नकाशातल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून घेतली ते लिहायची एक चौकट असते. उपग्रह, जुना नकाशा, की प्रत्यक्ष पाहणी. पाहणी असेल तर पाहणाऱ्याचं नाव. बाईंनी मला म्हटलं नाही की नाव घाल. त्या खिडकीशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या. मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "विचार कर. अजून तू पक्की नाहीस. उद्या क्लायंटने उलटतपासणी केली, तर दोन सेकंद बघितलं म्हणून सांगणार? अडकशील."

मी म्हटलं, "दोन वेळा बघितला. लिहा माझं नाव. आडनावासकट."

त्याने लिहिलं. बाईंनी सही केली. क्लायंटने त्या खडकाबद्दल महिने-महिने प्रश्न विचारले, माझं कन्फर्मेशन इतरांच्या मागून आलं, पण आलं. बाबांनी पेढे वाटले. नोकरीचे कमी आणि नकाशात नाव आल्याचे जास्त. "आमच्या पोरीचा नाव दर्यात आसा," असं ते सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून आले.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. आणि मग फोन सुरू झाले. अवस किंवा पुनव, संध्याकाळ. मी कुठेही असेन, अंधेरीच्या पुलाखाली रिक्षात, मीटिंगमध्ये, भाजी घेताना. "आत्ता वर असेल बघ," एवढंच म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. मला गंमत वाटायची. नीलेश म्हणायचा, "खडकाचा अलार्म आला."

मग हळूहळू वाक्य बदललं. एकदा म्हणाल्या, "दिसला होता ना?" मी म्हटलं, "हो बाई." पुढच्या वेळी परत तेच. "दिसला होता ना? पाठ होती ना? नुसता फेस नव्हता ना?" मी दरवेळी सांगायचे, म्हशीसारखी पाठ, गळणारं पाणी, कालवं. इतक्यांदा सांगितलं की शब्द गुळगुळीत झाले. जिने आयुष्यभर एकाही खडकावर शंकेची खूण लावू दिली नाही, तिला आता स्वस्थता नव्हती. आणि तिची अस्वस्थता मला लागली. रात्री डोळे मिटून मी ती पाठ आठवायचा प्रयत्न करते, तर भाताचा चपटा गोळा दिसतो.

परवाच्या अवसेला फोन आला तेव्हा मी मेट्रोच्या जिन्यावर होते. कडेला झाले.

"दिसला होता ना?"

आणि मी, जी कधी शब्द मागे घेत नाही, म्हणाले, "बाई, खरं सांगू? तेव्हा दिसला होता, ह्यात बदल नाही. पण आता मला खडक आठवत नाही. तुम्हाला सांगितलेलंच आठवतं."

पलीकडे चपलांचा आवाज येत होता, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"परत जायचं का?" मी म्हटलं. "ह्या वेळी तुम्ही बघायचं. मी इंजिनाकडे तोंड करून बसते."

"आणि नाही दिसला तर?"

"तर माझं नाव मीच काढेन. फुली तुम्ही पुसा."

चपलांचा आवाज थांबला. इतक्या वर्षांत फोनवर तो थांबलेला मी ऐकला नव्हता. माझ्या शेजारून माणसं वर-खाली करत होती, कुणाची तरी बॅग मला लागली, मी फोन कानाशी घट्ट धरला.

"कधी?" बाई म्हणाल्या.